दारातला वाळा

“मॅडम, जरा हसा की. हा फोटो आमच्या हेड ऑफिसला जातो.”

मी काही हसले नाही. गाडीच्या नाकावर लाल रिबिनीचं फूल चिकटवलं होतं, बॉनेटवर पेढ्यांचा पुडा ठेवला होता आणि आमचे हे छाती काढून असे उभे होते, जसं काही गाडी ह्यांनीच घडवली. अहो, दुरुस्तीला टाकलेली गाडी घरी न्यायला आलो होतो आम्ही. त्यात मिरवायचं काय? पण विमा कंपनीनं सुचवलेलं गॅरेज ना! तिथली तऱ्हाच न्यारी. काचेचं दार, गार हवा, कॉफीचं मशीन आणि टाय लावलेला सौरभ नावाचा मॅनेजर. दर वाक्याला एकदा ‘सर’ आणि एकदा ‘मॅडम’.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी कुठल्याही गाडीचं दार जरा खुळखुळलं की माझा हात आपोआप छातीशी जातो.

गाडीला झालं होतं ते एवढंच. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात ती उभी असताना एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागंपुढं न बघता ट्रॉली मागं घेतली आणि आमच्या मागच्या डाव्या दारात घुसवली. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. दार मात्र पार चेपलं, उघडेना की लागेना. मी म्हटलं, आपल्या इस्माईलकडे टाकू, तो बघेल काय ते. पण ह्यांनी आधी कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजाची एक पोरगी म्हणाली, “सर, कोल्हापुरात आमचं मान्यताप्राप्त गॅरेज आहे. आमचीच माणसं गाडी घेऊन जातील, नवीन ओरिजिनल दार बसवतील. तुम्हाला काही म्हणजे काही बघायचं नाही.”

झालं. हे पाघळले. आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात खुर्ची झिजवलेला माणूस. ह्यांचा विमा माणसांचा, हा गाडीचा, कंपनी पण वेगळी. तरी विमा म्हटलं की ह्यांना सगळं आपलं गणगोतच वाटायचं.

“इस्माईल ठोकाठोकी करून देणार,” हे म्हणाले. “त्या दाराशी रेवती बसणार आहे, शालन. तिथं ठोकलेलं दार चालायचं नाही.”

रेवती आमची एकुलती एक. कुडाळला दिलेली. किती वर्षं वाट बघितली, किती नवस झाले, किती दवाखाने पालथे घातले, तेव्हा कुठं तिला दिवस राहिले होते. आता बाळंतपणाला तिला माहेरी आणायची होती, तीही याच गाडीतून, आंबोलीचा घाट चढून. दार चांगलंच हवं, याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

तर फोटो झाला. मी बाथरूमला म्हणून गॅरेजच्या मागच्या बाजूला गेले. पुढं सगळं चकचकीत आणि मागं मोडक्या गाड्यांची रांग. कुणाचं तोंड फुटलेलं, कुणाचं टपच बसलेलं. एका गाडीवर अर्धीमुर्धी निळी ताडपत्री टाकलेली होती आणि तिच्याजवळ एक म्हातारा उभा होता. पांढरा लेंगा-सदरा, टोपी काढून हातात धरलेली. ताडपत्रीचं टोक उचलून तो आत बघत होता. मी अगदी जवळून गेले तरी त्याला पत्ता नाही.

“आण्णा, चला आता,” वॉचमन त्याला म्हणाला. “साहेबांनी बघितलं तर माझ्या पोटावर पाय येईल.”

“माझी एक वस्तू ऱ्हायलीय. तेवढी घावली की जातो.”

“दर खेपेला ह्येच म्हणताय. गाडीत काय बी न्हाई आता.”

म्हाताऱ्यानं वळून माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे, पण लाल. “तुमची गाडी कंची, बाई?”

“ती पुढं उभी आहे ना, पांढरी.”

“आमचीबी पांढरीच,” तो म्हणाला.

ताडपत्रीच्या फटीतून मला दिसली ती. आमच्याचसारखी, तीच बनावट. मागचं उजवं अंग पार आत गेलेलं. मागच्या सीटवर उन्हाचा मोठा चौकोन पडला होता, एवढंच मी बघितलं. आत कुणी होतं का, असं विचारणार होते, पण विचारलं नाही. बाथरूमला न जाताच मी परत फिरले.

गाडीत मी नेहमी मागं डावीकडे बसते. पुढं बसलं की ह्यांच्या गाडी चालवण्यावर बोलल्यावाचून मला राहवत नाही आणि मग घरापर्यंत भांडण. त्या दिवशीही मागंच बसले. गाडीत अत्तराचा कसला तरी फवारा मारला होता, डोकं भणभणायला लागलं. मी काच खाली केली, कागलच्या पुढं वारा फार लागला तशी वर केली. आणि तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“अहो, माझ्या दारात काहीतरी वाजतंय.”

“नवीन दार आहे ते. नवीन दार वाजत नाही.”

“मग काय माझे कान वाजतायत?”

“वाजत असतील. वय झालं आता तुझं.”

“थांबवा गाडी,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता थांबवा.”

कुरकुरत थांबवली. मी काच वर-खाली करून बघितली. काचेच्या बुडाला जी रबराची पट्टी असते ना, तिच्यात काहीतरी चमकलं. केसातली पिन काढली, हळूहळू वर ओढलं. चांदीचा वाळा! तान्ह्या बाळाच्या पायातला, एवढासा, दोन बारकी घुंगरं लोंबणारा.

मी तो हातावर ठेवून ह्यांच्यापुढं धरला. मग ह्यांनी हात जोडले, अगदी हायवेच्या कडेला उभं राहून, ट्रकवाले बघतायत तरी.

“शालन, अगं, हा शकुन आहे!”

“कुणाचा तरी पडलेला वाळा आहे हा.”

“कुणाचा पडेल? दार कालपरवा बसवलंय. खोक्यातून काढलेलं कोरं दार. कोऱ्या दारात बाळाचा वाळा कुठून येईल, सांग बरं मला? रेवतीला आणायला आपण जाणार आणि त्याच दारात, ती बसणार त्याच दारात वाळा! याला काय म्हणायचं मग?”

बघा आता. समोर वाळा दिसतोय. सरळ माणूस काय म्हणेल? दार नवं नसणार. पण नाही. कंपनी म्हणाली दार नवं, म्हणजे दार नवंच. मग वाळा देवाकडून आला पाहिजे! कंपनी खोटं बोलेल, यापेक्षा देवानं वाळा टाकला, हे ह्यांना सोपं वाटलं. आणि खरं सांगते, त्या घटकेला मलाही कुठंतरी गोडच वाटलं. पोरीसाठी इतकी वर्षं तळमळलेलं मन, त्याला शकुन नको कसा होईल?

गाडी पुन्हा निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात दारातून पुन्हा आवाज आला. खुळ्ळ.

“ऐकलंत?”

हे तर टाळीच पिटायचे बाकी राहिले. “दुसरा! अगं, वाळे जोडीनं असतात ना? जोड आहे तो. खाली उतरून बसलाय आत.”

“आवाज वेगळा आहे. जरा बोजड वाटतोय.”

“घुंगरं तुटली असतील त्याची. राहू दे आत. रेवती आली की तिच्या हातानं काढू.”

घरी पोचायच्या आत ह्यांनी कुडाळला फोन केला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. शेजारच्या बायका येऊन वाळा कपाळाला लावून गेल्या. रेवतीचा फोन आला, ती रडत होती, हसत होती. “आई, सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली गं. म्हणाल्या, आता सगळं नीट होणार.”

मी हो हो म्हटलं. पण सगळ्या गेल्यावर वाळा हातात घेऊन उजेडात नीट बघितला आणि मनात पाल चुकचुकली. वाळ्याला काळा दोरा गुंडाळलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून गुंडाळतात तसा. दोरा विटलेला. गाठीशी जरा चावल्यासारखं झालेलं, कुणा आईनं दातानं गाठ आवळली असणार. आता मला सांगा, देवानं पाठवला असता तर काळा दोरा गुंडाळून कशाला पाठवला असता? देवाला कुणाची दृष्ट लागते?

“हा वापरलेला आहे,” मी ह्यांना म्हटलं. “कुणाच्या तरी लेकराच्या पायातला आहे. तिथं गॅरेजात दुसऱ्यांच्याही गाड्या होत्या, त्यातल्या कुणाचा पडला असेल. तो ज्याचा त्याला दिल्याशिवाय पोरगी या घरात यायला नको.”

“तुला ना, चांगलं म्हणून काही बघवत नाही.”

“आणि तुम्हाला वाईट म्हणून काही दिसत नाही.”

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. ह्यांनी गुरुवारचा दिवस धरला. चांगला वार, पंचमी, सगळं जमलेलं. पहाटे जायचं, जेवून रेवतीला घेऊन परत फिरायचं. मी म्हटलं, मला घाटाची वळणं सोसत नाहीत, तुम्ही जा, मी घरी पुरणाचं बघते. हे बरंच झालं म्हणून निघाले. जाताना गल्लीच्या तोंडाशी गाडी खड्ड्यात आपटली, तिथंही मला ऐकू आलं. खुळ्ळ.

गाडी दिसेनाशी झाली, तशी मी वाळा रुमालात बांधला आणि कोल्हापूरची एसटी धरली. डोळ्यांपुढं तो म्हाताराच येत होता. माझी एक वस्तू ऱ्हायलीय, म्हणाला होता. त्याचीच असणार ही. देऊन यावं आणि मोकळं व्हावं, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

गॅरेजमध्ये सौरभ हसतमुखानं पुढं आला. “या मॅडम! सर नाही आले?”

मी वाळा त्याच्यापुढं धरला. “हा आमच्या नव्या दारात मिळाला.”

त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे हलले. “तुमच्या गाडीतलाच असेल मॅडम, जुना.”

“आमच्या घरात अजून पाळणा हलायचाय. आणि जुनं दार तर तुम्ही काढून टाकलंत ना?”

“हो, म्हणजे दार तर आमचं सीलबंदच येतं.”

“मग सीलबंद खोक्यात वाळा कुणी घातला?”

“मॅडम, कॉफी घेणार?” तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत “आलोच” म्हणून आत गेला आणि गेला तो गेलाच. मी वाट बघून बघून मागच्या आवाराकडे वळले, तर दाराला कुलूप. वॉचमन ओळखीचं हसला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “आण्णांना आता आत सोडत न्हाईत, मावशी. समोर टपरीवर बसलेले असतील बघा.”

टपरीवर होताच तो. बाकाच्या टोकाला बसलेला, पुढ्यातला चहा निवून गेलेला, नजर गॅरेजच्या फाटकावर. मी शेजारी बसले. मला ओळखलं त्यानं.

“आण्णा, तुमची वस्तू मिळाली बहुतेक,” मी म्हटलं आणि रुमाल सोडला.

त्यानं वाळा बघितला. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली, गाठ दातानं सोडली आणि आतला वाळा माझ्या वाळ्याशेजारी बाकावर ठेवला. तीच घडण, तीच दोन घुंगरं, तोच विटका काळा दोरा.

“ह्यो नातवाच्या पायात हुता,” तो म्हणाला. “एकच पायात हुता.”

“नातू...”

“सून बी. दोघं बी गेली.”

मी नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. तो गॅरेजकडे बघतच सांगत राहिला. मगदूम त्याचं आडनाव, गाव निपाणीच्या अलीकडं. जावळ काढायला देवाला निघाले होते. गाडी नवी, मुलगा चालवत होता, हा पुढं बसलेला, मागं सून आणि तान्हं. कुत्रं आडवं आलं म्हणून मुलानं गाडी वळवली, ती गरकन फिरली आणि मागच्या उजव्या अंगानं दुभाजकावर आदळली.

“आमा दोघांना खरचटलं बी न्हाई, बाई. पर गाडी फिरली तवा मागचं डावं दार उघडलं. आपसूक. सून पोराला घिऊन त्याच दाराशी बसलेली.”

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. तोही ऐकत होता.

“आणि तुम्ही इतके दिवस हा वाळा शोधत होता?”

“न्हाई न्हाई. मी दार शोधतोय. त्या दाराला कायबी झालं नव्हतं, खरचटलं नव्हतं. आणि आता गाडीला त्ये दारच न्हाई. इचारलं तर म्हणत्यात भंगारात गेलं. चांगलं दार भंगारात कसं जाईल?” मग तो एकदम माझ्याकडे वळला. “तुमाला वाळा कुठं घावला?”

“दारात,” मी म्हटलं.

“कंच्या दारात?”

मी रुमालाची घडी घालत बसले. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. ताडपत्रीखालच्या सीटवर उन्हाचा तो चौकोन कसा पडला होता, ते मला तेव्हा कळलं. त्या बाजूला दारच नव्हतं.

बाकावर दोन वाळे शेजारी शेजारी पडले होते. मी बघत राहिले. जोड पुरा झाला होता, माझ्या डोळ्यांसमोर. दोन्ही वाळे जर इथं आहेत, तर आमच्या दारात सकाळी वाजत होतं ते काय?

मोबाइल काढला, ह्यांना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रेवतीचा बंद. कुडाळला लावला, विहीणबाईंनी उचलला.

“विहीणबाई, रेवती कुठाय?”

“अहो, कधीच निघाली! सावंतवाडी सोडून घाटाला लागली असतील आता. तुम्ही काय्येक काळजी करू नका. मागं झक्क बसवून दिलंय तिला. पट्टा नको म्हटलं मी, पोटावर दाब नको. चांगली मोठी उशी दिलीय, दाराला टेकवून. तिला रेलून पाय लांब करून झोपता येईल असं.”

“कुठल्या दाराला?”

“डाव्या हो. ज्यात तुमचा शकुन झाला ना, त्याच.”

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला, मला माहीत नाही. फोन बंद केला. पुन्हा ह्यांना लावला. ती बाई पुन्हा तेच सांगायला लागली, सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. मी तिला शिव्या घातल्या, भर रस्त्यावर, आयुष्यात कधी तोंडातून काढल्या नव्हत्या अशा. मला आंबोलीचं एकेक वळण दिसत होतं. गाडी उजवीकडे वळते, आतला माणूस डावीकडे कलंडतो, दरीच्या बाजूला. उशी. दार. आणि माझी पोरगी झोपलेली, पोटावर हात ठेवून.

“लावत ऱ्हा,” आण्णा म्हणाले. “लावत ऱ्हा, बाई. थांबू नगा.”

मी लावत राहिले. टपरीवाल्यानं आपला फोन पुढं केला, त्यावरूनही लावून बघितला. आण्णा उठून उभे राहिले होते, टोपी हातात चुरगळत. सगळे देव मी आठवले. शकुन म्हणून साखर ठेवली त्या देवालासुद्धा म्हटलं, तुझा वाळा नको, काही नको, माझी पोरगी तेवढी दे.

आणि फोन वाजला. ह्यांचाच.

“शालन,” हे म्हणाले. आवाज ओळखू येईना. “शालन, उशी गेली गं.”

“काय?”

“दार आपोआप उघडलं. वळणावर. उशी गेली. खाली, दरीत गेली उशी.”

“रेवती कुठाय?”

“कुलूप वाजत होतं गं आतलं. वाळा नव्हता तो. वाळा नव्हताच.”

“अहो, रेवती कुठाय ते बोला आधी!”

पलीकडे नुसता वारा. कुणीतरी रडत होतं, पुरुषाचं रडणं. मी बाक घट्ट धरला. मग फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज झाला.

“आई,” रेवती म्हणाली. “आई, मी आहे. घाट सुरू झाल्यावर मळमळायला लागलं म्हणून पुढं येऊन बसले होते. उशी मागंच राहिली होती. बाबा खाली बसलेत रस्त्यावर, उठतच नाहीयेत.”

मी मोठ्यानं रडले. लाज ना लज्जा, टपरीवर बसून लहान पोरीसारखी रडले.

“हाय न्हवं?” आण्णा विचारत होते. “पोरगी हाय न्हवं?”

“आहे,” मी म्हटलं. “आहे, आण्णा.”

त्यांनी मान डोलावली. दोन्ही वाळे उचलून फडक्यात ठेवले, गाठ मारली आणि खिशात घातले.

तिन्हीसांजेला गाडी दारात आली. मागचं दार रेवतीच्या ओढणीनं आवळून बांधलेलं. मी पोरीला उंबऱ्यावरच कवटाळलं, भाकरतुकडा ओवाळायचंही सुचलं नाही. पुरणाची डाळ तशीच पातेल्यात भिजत राहिली.

पुढं त्या दारावरून केस झाली, गॅरेजला टाळं लागलं, कंपनीनं हात वर केले. ते सगळं सांगत बसत नाही. रेवतीही सुखरूप बाळंत झाली. पण माझ्या मनात रुतून बसलीय ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. हे पहाटे उठले आणि म्हणाले, “चल, त्यांचं दार त्यांना देऊन येऊ.”

मगदूमांच्या अंगणात गाडी उभी राहिली. घर एकदम शांत. ओट्यावर तरणा मुलगा बसला होता, दाढी वाढलेली. आम्ही आलो तरी त्यानं मान वर केली नाही. आण्णा पुढं आले. ओढणीची गाठ त्यांनी स्वतः सोडली. वाकून दाराला कान लावला आणि दोन्ही हातांनी दार हळूच हलवलं.

खुळ्ळ.

पुन्हा हलवलं. पुन्हा तेच. मग ते दाराला पाठ लावून मातीत बसले.

“ह्योच आवाज,” ते म्हणाले. “देवाला निघालो तवा सून म्हणत हुती, आण्णा, माझ्या दारात कायतरी वाजतंय. दोनदा म्हणाली. आन मी म्हटलं, गप बस गं, नवी गाडी हाय. नवी गाडी वाजत न्हाई.”

ओट्यावरच्या मुलानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

आमच्या ह्यांच्या हातात ती ओढणी होती. ते तसेच उभे राहिले होते, माझ्याकडे बघायचं टाळत. मग ते पुढं झाले आणि आण्णांच्या शेजारी खाली मातीतच बसले.